पात्यावरचं नाव

सेलूच्या वाचनालयात पंखा फिरतोय
तोवर दाता वाचता येत नाही.
साडेअकराला लाईट गेली.
पाती मंदावली, थांबली, आणि दिसलं:
एका पात्यावर 'कै. जडावबाई',
दुसऱ्यावर 'बंकटलाल मुंदडा',
तिसऱ्यावर 'यांचे स्मरणार्थ', त्यातला र्थ उडालेला.
वहीत उतरवून घेतलं.
सध्या हेच करते मी.

आमच्या शाळेत मुलं एकवीस,
कानातली यंत्रं चौदा,
त्यातली तीन नुसती शिट्टी वाजवतात.
बिडवे सर म्हणाले, मोठ्या कंपन्यांना लिहा.
लिहिलं.
एकीकडून उत्तर आलं नाही, कॅलेंडर आलं.

मग मी उलटीकडून निघाले.
कोण देईल, हे विचारणं सोडलं,
कुणी दिलंय, ते वाचत सुटले.
बसस्टँडवरच्या बाकड्याची पाठ,
स्मशानातल्या शेडचा दगड,
गणेश मंडळांच्या जुन्या स्मरणिका
(एका पानावर शुभेच्छुक म्हणून माझाच मामा,
हाफ पेज, आणि घरी कधी बोलला नाही).

परभणीला धर्मादाय कार्यालयात
अर्ज, तिकीट, नकलेची फी.
रेकॉर्डचे शेख मुनीर फाईल झटकत म्हणाले,
"मॅडम, इथं लोक भांडायला फायली मागतात.
ट्रस्टी ट्रस्टीची मागतो, भाऊ भावाची.
कुणी काय दिलं ते बघायला
तुम्हीच पहिल्या."
आणि खुर्ची खिडकीकडे ओढून दिली.

जडावबाई मुंदडा ट्रस्ट, जिनिंगवाले.
गोशाळेला चारा, एकवीस हजार.
सामुदायिक विवाह, भांडी.
पाणपोई, रांजण चार, एक फुटका वजा.
दरसाल तेच, आकडा तेवढा थोडा अंगानं भरलेला.
मी पानं भराभरा उलटत होते
आणि दोन हजार चौदाला अडखळले:
'एक विद्यार्थिनी, यंत्राचे सेल, ९६०.'

बाराने भागलं. ऐंशी.
महिन्याचं एक पाकीट.
हा भागाकार मला झोपेतही येतो.
एवढा नेमका आकडा
दया आली म्हणून पडत नाही.
तो पडतो, जेवताना
समोरच्या ताटावरचं पोर
हाक मारूनही वर बघत नाही तेव्हा.

पंधराला १०२०. सोळाला १०८०.
अशी पाच वर्षं.
मग त्या रकान्यात आडवी रेघ.
लग्न होऊन गेली, की शिकून नोकरीला लागली,
की काय,
हिशेबनीसाला ते लिहावं लागत नाही.

या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात.
मला कळलं,
फी भरून, गोल शिक्क्यासह.
पर्समध्ये ती नक्कल घेऊन एसटीत बसले
तेव्हा कुणाच्या तरी घरात
न विचारता जाऊन आल्यासारखं वाटत होतं.

पहिल्या पत्रात लिहिलं, 'आपल्या घरातही…'
फाडलं.
दुसऱ्यात 'आपणांस हे दुःख ठाऊक…'
तेही फाडलं, आधी फाडलं त्याहून बारीक.
तिसऱ्यात फक्त:
मुलं एकवीस. यंत्रं चौदा.
सेलचं पाकीट आता एकशेसाठला.
खाली सही, शाळेचा फोन.
मध्ये एक ओळ रिकामी राहू दिली.
तिथं मला जे म्हणायचं होतं ते म्हणाले नाही.

पेटीत टाकून वाचनालयात परत आले, छत्री राहिली होती.
लाईट आली.
जडावबाई हलल्या, बंकटलाल हलले,
मग कुणीच वाचता येईना,
आणि खाली पेपर चाळणाऱ्या चौघांना
वारा लागू लागला.

आज मंगळवार.
सेल गुरुवारपर्यंत पुरतील.